दिवेलागण सर्किटच्या हातात: लाइट सेन्सर मॉड्यूल नीट वापरायचं कसं

अंधार पडला की दिवा लागावा आणि उजाडलं की बंद व्हावा. हौसेनं इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या पाच प्रोजेक्टांत हा एक असतोच. टेबलावर तो दहा मिनिटांत चालतो. सेन्सरवर हात धरला की एलईडी लागतो, हात काढला की बंद होतो. मग तेच सर्किट हौसेनं गॅलरीत टांगलं जातं आणि पहिल्याच संध्याकाळी दिवा लुकलुकायला लागतो. कधी जूनच्या ढगाळ दुपारी चार वाजताच लागतो, कधी रात्र झाली तरी लागतच नाही.

अशा वेळी आपण सेन्सर बदलतो, पण दोष बहुतेक वेळा त्याचा नसतो. त्याला दिवस-रात्र कळत नाही. आपल्या अंगावर या क्षणी किती उजेड पडतोय, एवढंच त्याला कळतं. तो उजेड सूर्याचा की रस्त्यावरच्या दिव्याचा की आपणच लावलेल्या बल्बचा, हे आपण ओळखायचं असतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त भर एकाच गोष्टीवर आहे: सेन्सर जिथे बसणार आहे तिथे आधी एक संध्याकाळ मोजा आणि मगच उंबरठा, म्हणजे किती उजेडाला दिवा लागावा तो आकडा, ठरवा.

उजेडाचे आकडे

उजेड लक्समध्ये मोजतात. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन प्रकाश पडला की एक लक्स. भर दुपारच्या थेट उन्हात साधारण १ लाख लक्स असतात. मोकळ्या आकाशाखाली पण सावलीत १० ते २० हजार. दाट ढग आले की हजाराच्या आसपास. कचेरीत टेबलावर ३०० ते ५००, घरातल्या खोलीत संध्याकाळचा दिवा लावल्यावर ५० ते १५०, रस्त्यावरच्या दिव्याखाली ५ ते २० आणि पौर्णिमेच्या चांदण्यात लक्सचा जेमतेम पाव भाग.

म्हणजे ऊन आणि चांदणं यांत काही लाख पटींचा फरक आहे. आपला डोळा त्यात स्वतःला इतका जुळवून घेतो की हा फरक जाणवतच नाही. त्यामुळे ‘डोळ्यांना बरा अंधार वाटतोय’ या अंदाजावर आकडा ठरवू नका.

आता आपल्या कामाची वेळ, दिवेलागण. आकाश निरभ्र असेल तर मोकळ्या जागी सूर्यास्ताच्या क्षणी साधारण ४०० लक्स असतात. सूर्य क्षितिजाच्या ६ अंश खाली गेला की साडेतीन लक्सच्या आसपास उरतात. महाराष्ट्राच्या अक्षांशावर एवढ्याला २२ ते २५ मिनिटं लागतात. इतक्या वेळात उजेड शंभरावा हिस्सा होतो, म्हणजे सरासरी दर साडेतीन मिनिटांनी निम्मा. हे एकदा समजलं की मोठी चिंता मिटते. उंबरठा २० ठेवला काय किंवा १० ठेवला काय, दिवा लागण्याच्या वेळेत फरक तीन-चार मिनिटांचाच पडणार. या कामाला अचूक सेन्सर लागत नाही, स्थिर वागणारं सर्किट लागतं.

कोणतं मॉड्यूल घ्यायचं

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ‘लाइट सेन्सर’ मागितलात तर तीन-चार वेगळ्या गोष्टी समोर येऊ शकतात.

सगळ्यात स्वस्त म्हणजे सुटा एलडीआर. ५ मिलिमीटरची गोल चकती, वर तांबूस नागमोडी रेघ. ती रेघ कॅडमियम सल्फाइडची असते. उजेड पडला की तिचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) कमी होतो. उजेडानं रेझिस्टन्स बदलतो हे पहिल्यांदा सेलेनियममध्ये दिसलं होतं. १८७३ साली विलोबी स्मिथ समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलची चाचणी घेत होते, तेव्हा त्यांच्या सेलेनियमच्या कांड्या उजेडात वेगळ्या वागायला लागल्या. एलडीआर त्याच घराण्यातला. कॅडमियम विषारी आहे, त्यामुळे तुटलेला एलडीआर मुलांच्या हाती देऊ नका, जाळू नका, ई-कचऱ्यात टाका.

दुसरं म्हणजे एलडीआर आणि एलएम३९३ कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) एकाच पट्टीवर बसवलेलं निळं मॉड्यूल. तिसरं टीईएमटी६०००, हा फोटोट्रान्झिस्टर, म्हणजे उजेडानुसार कमी-जास्त वीज सोडणारा ट्रान्झिस्टर, असतो. याचं आउटपुट उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढतं आणि तो एलडीआरपेक्षा खूप वेगवान असतो. चौथं बीएच१७५०. हा रोम कंपनीचा डिजिटल सेन्सर थेट लक्सचा आकडा हातात देतो.

माझं मत विचाराल तर शिकायला सुटा एलडीआर घ्या आणि कायमचं काही बसवायला बीएच१७५० घ्या. मधलं निळं मॉड्यूल सगळ्यात जास्त खपतं. ते वाईट नाही, पण ते आत काय करतं हे समजून न घेता वापरलं जातं.

घेताना एक गोष्ट नीट बघा. हीच निळी पट्टी आग ओळखणाऱ्या सेन्सरलाही वापरतात. तिच्या टोकाला काळ्या एलईडीसारखा दिसणारा तुकडा असतो. तो इन्फ्रारेड पाहतो आणि आपल्या कामाचा नाही. मला एकदा एका दुकानातून लाइट सेन्सर म्हणून तो मिळाला. ट्यूबलाइटखाली तो जवळजवळ हलेचना आणि मेणबत्ती दिसली की लगेच दचके. त्यात माझा अख्खा रविवार गेला. नागमोडी रेघेची चकती दिसली तरच पुढे जा.

सुटा एलडीआर, आणि त्याच्या जोडीचा रेझिस्टर

आर्डुइनो उनोला (प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा बोर्ड) रेझिस्टन्स मोजता येत नाही, व्होल्टेज मोजता येतं. म्हणून एलडीआर आणि एक साधा रेझिस्टर एकापुढे एक जोडतात. एलडीआरचं एक टोक ५ व्होल्टला, दुसरं टोक ए० पिनला, आणि ए० पासून जीएनडीपर्यंत (ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्ट) रेझिस्टर. उजेड वाढला की ए० वरचं व्होल्टेज वाढतं आणि वाचन ० ते १०२३ या पट्टीवर वर सरकतं.

रेझिस्टर किती किमतीचा? जो तो ‘दहा के’, म्हणजे १० किलोओहम, सांगतो. का, ते क्वचितच कोणी सांगतं. या एका भागावर मुद्दाम वेळ घालवतो, कारण अर्धे प्रोजेक्ट इथेच बिघडतात.

बाजारात सर्रास मिळणारा एलडीआर जीएल५५२८ या नंबराचा असतो. १० लक्सला त्याचा रेझिस्टन्स साधारण १० ते २० किलोओहम भरतो, पूर्ण अंधारात १ मेगाओहमच्या वर जातो. उजेड दहापट झाला की रेझिस्टन्स साधारण पाचपट कमी होतो. आपण १० लक्सला १५ किलोओहम धरू. मग १ लक्सला ७५ किलोओहम, १०० लक्सला ३ किलोओहम, १,००० लक्सला ६०० ओहम.

आता जोडीला १० किलोओहम लावून आर्डुइनोचं वाचन काढू. १ लक्सला १२० येतं, १० लक्सला ४०९, १०० लक्सला ७८७, १,००० लक्सला ९६५ आणि १०,००० लक्सला १,०११. शेवटचे आकडे पाहा. हजार आणि दहा हजार लक्स यांत जमीन-अस्मानाचा फरक, पण वाचनात फक्त ४६ ची तफावत. उलट १ ते १०० लक्सच्या पट्ट्यात वाचन ऐसपैस पसरलंय. दिवेलागण याच पट्ट्यात येते, म्हणून इथे दहा के बरोबर.

पण समजा तुम्हाला रोपांना पुरेसं ऊन मिळतंय का हे बघायचंय. मग हजाराच्या वरचा पट्टा महत्त्वाचा. तिथे १ किलोओहम लावा. १०० लक्सला २५६, १,००० ला ६३९, १०,००० ला ९१३, असं वाचन मोकळं होतं. आणि कपाट उघडलं का, पेटीत उजेड शिरला का, असं जवळजवळ काळोखात ओळखायचं असेल तर १०० किलोओहम.

नियम सोपा आहे. ज्या उजेडात तुम्हाला निर्णय घ्यायचाय, त्या उजेडात एलडीआरचा रेझिस्टन्स जितका असेल, साधारण तितक्याच किमतीचा रेझिस्टर जोडीला लावा. मग निर्णयाच्या क्षणी वाचन पट्टीच्या मधोमध, ५१२ च्या आसपास असतं आणि तिथेच ते सगळ्यात जास्त हलतं. रेझिस्टन्स कळायला गणित नको. मल्टिमीटर २०० के च्या पट्टीवर ठेवा, प्रोबांना मगरचिमटे लावून एलडीआर पकडा, आणि ज्या वेळी दिवा लागायला हवा त्या वेळी गॅलरीत जाऊन आकडा वाचा. बोटांनी दोन्ही पाय एकदम धरू नका, नाहीतर तुमच्या अंगाचा रेझिस्टन्सही मोजला जाईल.

एलडीआरच्या मर्यादाही माहीत असू द्या. एकाच पाकिटातल्या दोन एलडीआरांत दीडपट-दुप्पट फरक निघतो, त्यामुळे मित्राच्या प्रोग्रॅममधला आकडा उचलून चालत नाही. शिवाय त्याला आधीच्या उजेडाची आठवण राहते. दिवसभर उन्हात बसलेला आणि दिवसभर डब्यात ठेवलेला एलडीआर त्याच उजेडात काही वेळ वेगळं वाचन देतात. उजेड-अंधार ओळखायला तो उत्तम, लक्स मोजायला नाही.

वाचन थरथरत असेल तर

घरात ट्यूब किंवा स्वस्त एलईडी बल्ब असेल तर वाचन एका जागी राहत नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. डोळ्याला ते दिसत नाही. एलडीआर थोडा मंद असल्यानं त्याला कमी जाणवतं, पण टीईएमटी६००० ला प्रत्येक लाट दिसते. उपाय असा: दर २ मिलिसेकंदांनी एक अशी ५० वाचनं घ्या आणि सरासरी काढा. एकूण १०० मिलिसेकंद होतात, त्यात दहा पूर्ण लाटा बसतात आणि थरथर गळून जाते. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची आहे, तिथे त्याच १०० मिलिसेकंदांत बारा पूर्ण लाटा बसतात. त्यामुळे तिकडच्या वाचकांनीही हाच आकडा ठेवावा.

निळं मॉड्यूल: एओ, डीओ आणि तो प्रीसेट

या पट्टीवर चार पिना असतात: व्हीसीसी (वीजपुरवठा), जीएनडी, डीओ आणि एओ. तीन पिनांची पट्टी आली तर तिच्यात एओ नाही, ती शक्यतो घेऊ नका. एओ म्हणजे एलडीआरचं कच्चं व्होल्टेज. डीओ म्हणजे कंपॅरेटरचा निकाल, हो किंवा नाही. निळ्या चौकोनी प्रीसेटनं (स्क्रूड्रायव्हरनं फिरवून बदलायचा रेझिस्टर) हा निकाल कुठे पालटावा ते ठरतं.

इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. बहुतेक पट्ट्यांवर एलडीआर जीएनडीच्या बाजूला असतो, म्हणजे वर सांगितलेल्या जोडणीच्या उलट. उजेड वाढला की एओ वरचं वाचन कमी होतं. उजेडात डीओ ‘लो’ होतो आणि त्याच्या शेजारचा छोटा एलईडी लागतो. अंधारात डीओ ‘हाय’. प्रोग्रॅम लिहिण्याआधी बोट ठेवून हे तपासा: बोटानं चकती पूर्ण झाका, एलईडी बंद झाला पाहिजे.

प्रीसेट लावायची माझी पद्धत अशी. ज्या उजेडात निर्णय हवाय, त्या उजेडात मॉड्यूल न्या. बारीक स्क्रूड्रायव्हरनं प्रीसेट एका बाजूला फिरवत जा, एलईडी पालटेपर्यंत. मग अगदी हळू मागे. एका अरुंद जागी एलईडी ना धड लागलेला ना धड बंद, मंद मिणमिणताना दिसेल. तोच उंबरठा. नीट बघितलंत तर कळेल की तिथे कंपॅरेटर सेकंदाला कितीतरी वेळा इकडून तिकडे उड्या मारतोय. डीओ थेट रिलेला (छोट्या विजेनं चालणारा स्विच) जोडला असता तर याच जागी रिले कटकट-कटकट वाजत राहिला असता. बहुतेक पट्ट्यांवर या उड्या रोखायची काहीच सोय नसते. म्हणून दिवेलागणीसारख्या हळू सरकणाऱ्या उजेडासाठी डीओ वापरू नका. एओ घ्या आणि निर्णय प्रोग्रॅमवर सोपवा. टॉर्च पडला का, दार उघडलं का, लेझरचा झोत तुटला का, अशा झटक्याच्या कामाला मात्र डीओ झकास.

ईएसपी३२ (वायफाय असलेला, ३.३ व्होल्टवर चालणारा बोर्ड) वापरणाऱ्यांनी मॉड्यूलला ३.३ व्होल्टच द्या. ५ व्होल्ट दिलेत तर अंधारात एओ जवळजवळ ५ व्होल्टपर्यंत चढतो आणि ईएसपी३२ च्या पिनेला तेवढं सोसत नाही. दिवसा सगळं ठीक दिसतं, पिन रात्री बिघडते. तसंच वायफाय चालू असताना त्याच्या एडीसी-२ च्या, म्हणजे व्होल्टेज मोजणाऱ्या दुसऱ्या गटाच्या, पिना ॲनालॉग वाचनाला चालत नाहीत. ३२ ते ३९ या क्रमांकांतली पिन घ्या.

बीएच१७५०: थेट लक्स

जोडणी चार तारांची. व्हीसीसी ३.३ व्होल्टला, जीएनडी जीएनडीला, मग एसडीए (माहितीची तार) आणि एससीएल (तालाची तार). उनोवर एसडीए म्हणजे ए४ आणि एससीएल म्हणजे ए५. ईएसपी३२ वर २१ आणि २२, नोडएमसीयूवर डी२ आणि डी१. पाचवी पिन ॲड्रेसची, ती जीएनडीला जोडून टाका. मग सेन्सरचा पत्ता हेक्स २३ होतो. व्हीसीसीला जोडली तर हेक्स ५सी. एकाच दोरीवर दोन सेन्सर हवे असतील तर ही सोय कामी येते.

मॉड्यूलसोबतची पिनांची पट्टी बहुधा सुटी येते. तिला डाग न देता (सोल्डर न करता) नुसती भोकात टेकवून चालवू नका. आयटूसी स्कॅनरमध्ये (जोडलेले सेन्सर शोधणारा छोटा प्रोग्रॅम) सेन्सर कधी दिसतो, कधी गायब होतो, यामागे हमखास हेच कारण असतं.

आर्डुइनोच्या लायब्ररी मॅनेजरमध्ये बीएच१७५० शोधलंत की लायब्ररी मिळते, तिच्यातलं उदाहरण चालवा. नेहमीच्या मोडमध्ये सेन्सर १ लक्सच्या बारकाईनं मोजतो आणि एका वाचनाला साधारण १२० मिलिसेकंद घेतो. दिव्यांची ती १०० हर्ट्झची थरथर तो आतल्या आतच गाळतो, वेगळी सरासरी नको.

थेट उन्हात मात्र तो ५४,६१२ वर अडकून बसतो. सेन्सर बिघडला असं वाटतं, पण तेवढीच त्याची नेहमीची कमाल आहे. आतला कच्चा आकडा ६५,५३५ च्या पुढे जाऊ शकत नाही आणि त्याला १.२ नं भागून लक्स मिळतात. मोजण्याचा वेळ ठरवणारं त्याचं रजिस्टर ६९ वरून ३१ वर आणलं की हीच कमाल १ लाख २१ हजारांपर्यंत जाते. बहुतेक लायब्ररींत त्याची सोय असते. बागेसाठी वापरणाऱ्यांनी हे जरूर करा.

तारा लांब नेऊ नका. आयटूसी ही एकाच बोर्डावर बोलण्यासाठी काढलेली पद्धत आहे. अर्धा मीटर निवांत चालतं, मीटरभर जपून. सेन्सर गच्चीवर आणि बोर्ड खाली असं असेल तर बोर्डच वर न्या आणि दिव्याची तार लांबवा.

आधी एक संध्याकाळ मोजा

आता लेखाच्या सुरुवातीला सांगितलेलं काम. सेन्सर जिथे कायमचा बसणार तिथेच, ज्या दिशेला तोंड करून बसणार त्याच दिशेला, चिकटपट्टीनं तात्पुरता लावा. प्रोग्रॅम एवढाच करा की दर ३० सेकंदांनी लक्स सिरियल मॉनिटरवर (बोर्डकडून आलेला मजकूर लॅपटॉपवर दाखवणारी खिडकी) छापले जावेत. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी लॅपटॉप लावा आणि सूर्यास्तानंतर तासाभरानं बंद करा. आकडे स्प्रेडशीटमध्ये टाकून आलेख काढा. पाठकोऱ्या कागदावर हातानं काढला तरी चालेल.

तीन जागा शोधा. पहिली, रात्री आकडा कुठे येऊन थांबतो. आमच्या गॅलरीत रस्त्यावरच्या दिव्यामुळे तो ४ च्या खाली जातच नाही. मी आधी उंबरठा ३ ठेवला होता, टेबलावर बसून ठरवलेला, त्यामुळे दिवा कधीच लागला नाही. ही तुमची जमीन. दिवा लावायचा उंबरठा तिच्या किमान दुप्पट-तिप्पट वर हवा.

दुसरी, घरातल्यांना दिवा लावावासा वाटतो ती वेळ. आईला किंवा आजीला विचारा, ‘आता दिवा लावायला हवा’ असं वाटलं की हाक मारा. त्या वेळचा आकडा टिपून ठेवा. ही जागा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची, कारण दिवा त्यांच्यासाठी लागणार आहे.

तिसरी, तुमचा दिवा स्वतः किती उजेड सेन्सरवर पाडतो. पूर्ण अंधारात दिवा हातानं लावा आणि आकडा किती वाढला ते बघा. समजा ४ चा २४ झाला, म्हणजे दिव्याचा वाटा २०. पुढच्या हिशेबात हा आकडा लागणारच आहे.

दोन उंबरठे आणि थोडी वाट

एकच उंबरठा ठेवला तर काय होतं ते पाहा. उंबरठा १५. उजेड १४ झाला, दिवा लागला. दिव्याचे २० मिळून सेन्सरला ३४ दिसले. ३४ म्हणजे उजेड, दिवा बंद. पुन्हा १४, दिवा चालू. हाच तो लुकलुकणारा दिवा.

म्हणून दोन उंबरठे. खालचा दिवा लावायचा, वरचा बंद करायचा. वरचा उंबरठा हा खालचा अधिक दिव्याचा स्वतःचा वाटा यांच्या बेरजेपेक्षा बराच मोठा हवा. इथे १५ आणि २० मिळून ३५ होतात, तर वरचा ६० ठेवू. दिव्याचा वाटाच २०० निघाला तर सेन्सर चुकीच्या जागी आहे. तो दिव्याच्या मागे किंवा वर, आकाशाकडे तोंड करून न्या. प्रोग्रॅमनं ते दुरुस्त होणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे वाट पाहणं. पावसाळ्यात वीज चमकते, गाडीचा हेडलाइट फिरतो, कबुतर सेन्सरसमोर येऊन बसतं. उजेड सलग मिनिटभर कमी राहिला तरच दिवा लावा आणि सलग पाच मिनिटं जास्त राहिला तरच बंद करा. प्रोग्रॅमचा सांगाडा असा होतो:

सुरुवातीला: दिवा बंद, मोजणी ०
दर सेकंदाला एकदा:
लक्स वाच
वाचन ऋण असेल तर: काहीही न करता पुढच्या सेकंदाला जा
दिवा बंद आहे आणि लक्स १५ पेक्षा कमी: मोजणी १ ने वाढव
दिवा चालू आहे आणि लक्स ६० पेक्षा जास्त: मोजणी १ ने वाढव
यातलं काहीच नसेल: मोजणी ०
दिवा बंद आहे आणि मोजणी ६० झाली: दिवा चालू कर, मोजणी ०
दिवा चालू आहे आणि मोजणी ३०० झाली: दिवा बंद कर, मोजणी ०

ऋण वाचनाची ओळ गाळू नका. तार सुटली की अनेक लायब्ररी उणे आकडा देतात. उणे एक हा १५ पेक्षा कमीच, म्हणजे प्रोग्रॅम त्याला अंधार समजतो आणि भर दुपारी दिवा लावतो.

सेकंद मोजायला ‘डिले’ (प्रोग्रॅम ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा) चालेल, पण पुढे बटण किंवा वायफाय जोडायचं असेल तर ‘मिलिस’ (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणारी आज्ञा) वापरा. ‘मिलिस’चा आकडा साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो. म्हणून आत्ताच्या वेळेतून मागची वेळ वजा करा आणि उत्तर हजारापेक्षा मोठं आहे का ते तपासा. दोन्ही आकडे ‘अनसाइन्ड लाँग’ प्रकारचे असले की अशी वजाबाकी त्या दिवशीही बरोबर येते. ‘पुढची वेळ’ आधीच बेरीज करून ठेवण्याची पद्धत टाळा, दीड-पावणेदोन महिन्यांनी ती दगा देते.

दिवा जोडताना

पहिल्या प्रोजेक्टला २३० व्होल्टला हात लावू नका. १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या. मीटरला ६० एलईडींची साधी पट्टी मीटरमागे ४.८ वॉट, म्हणजे ०.४ अँपिअर घेते, आणि गॅलरीला मीटरभर पट्टी भरपूर होते. तिला आयआरएलझेड४४एन मॉसफेटनं (इलेक्ट्रॉनिक स्विच; ड्रेन, सोर्स आणि गेट हे त्याचे तीन पाय) चालू-बंद करा. पट्टीचा अधिक थेट १२ व्होल्टला, वजा मॉसफेटच्या ड्रेनला, सोर्स जीएनडीला, गेट २२० ओहममधून आर्डुइनोच्या पिनेला. गेट ते जीएनडी १० किलोओहम लावायला विसरू नका, नाहीतर बोर्ड सुरू होत असताना पट्टी उगीच चमकते. आणि १२ व्होल्टचा जीएनडी व आर्डुइनोचा जीएनडी एकत्र जोडा. पट्टी लागत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच तपासतो.

घरातला नेहमीचा बल्बच चालवायचा असेल तर रिले लागेल, आणि ते काम ब्रेडबोर्डवर करायचं नाही. बंद डबी, घट्ट बसणारे स्क्रू-टर्मिनल, फेजच्या तारेवरच रिले, मध्ये फ्यूज, आणि जोडणी जाणकार इलेक्ट्रिशियनकडून. शाळकरी मुलांनी हा भाग मोठ्यांवर सोडावा. बाजारातली बरीच रिले मॉड्यूल ‘लो’ दिल्यावर लागतात, तेव्हा प्रोग्रॅममध्ये चालू-बंद उलटं लिहावं लागेल.

डबी, टोपी आणि पावसाळा

सेन्सर उघडा ठेवला तर पहिल्या पावसात संपतो. काचेमागे ठेवला तर उन्हाची तिरीप आली की आकडे उड्या मारतात. दोन्हीला उत्तर एकच: दुधी प्लास्टिकची टोपी. औषधाच्या बाटलीचं अर्धपारदर्शक पांढरं झाकण किंवा टेबल टेनिसच्या चेंडूची अर्धी वाटी उत्तम. चहूबाजूंचा उजेड त्यात मिसळून खाली येतो. टोपी थोडा उजेड खाते, तेव्हा एकाच जागी टोपीशिवाय आणि टोपीसह असं लागोपाठ मोजा, पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागा आणि येईल त्या आकड्यानं पुढची सगळी वाचनं गुणा. उंबरठे टोपी घालूनच मोजले असतील तर याचीही गरज नाही.

टोपी चिकटवायला व्हिनेगरसारखा उग्र वास येणारं सिलिकॉन वापरू नका. ते वाळताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि बंद डबीत तांब्याच्या रेघा हिरव्या पडतात. बिनवासाचं न्यूट्रल सिलिकॉन मागा किंवा एम-सील लावा. तार डबीत खालून घ्या आणि आत येण्याआधी तिला एक झोका द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोक्याच्या तळाशी टपकून जातं. डबीच्या तळाला एक बारीक भोक ठेवा. कोकणातल्या दमट हवेत पूर्ण बंद डबीतही आतून दव साचतं, त्याला बाहेर पडायला वाट हवी. भोकावर बारीक जाळी लावा, कारण मुंग्यांना अशी ऊबदार जागा फार आवडते.

आकडे पक्के करून डबी बंद करण्याआधी सर्किट तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी नुसतं चालू द्या: एक निरभ्र दिवस, एक ढगाळ, आणि एक दिवस शेजारच्या घरात दिवे लागलेले असताना. दिवाळी जवळ असेल तर आकाशकंदील लावून एकदा जरूर बघा. कंदिलाच्या उजेडानं तुमची ‘जमीन’ वर सरकते आणि खालचा उंबरठा त्याखाली गेला तर दिवा लागणारच नाही. तसं झालं तर सेन्सर कंदिलाच्या उलट बाजूला वळवा. मग दर वर्षी गणपतीच्या आधी, पावसाचा जोर ओसरला की, ओल्या फडक्यानं टोपी पुसा आणि रात्रीचा आकडा पहिल्या संध्याकाळच्या कागदाशी ताडून पाहा. तो कागद डबीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवलेला बरा.